चाळीस पावलं

करंज्याच्या माळावर दस्तगीर मास्तर
फक्कीच्या दोन रेघा मारायचे.
पहिलीवर उभे राहून म्हणायचे,
"शंभरचा स्पीड हाय. दिसलं तुला.
काय दिसलं ते सोड. दिसलं."
आणि चालायला लागायचे,
उजवा पाय जरा ओढत, मोठ्यानं मोजत,
चाळीस पावलं.
"हितवर आलीस. अजून ब्रेकला पाय न्हाई लागला तुझा.
ह्यो समदा रस्ता नुसता दचकण्यात गेला."

माळावर गाडी चाळीसच्या वर जायची नाही.
वरचे साठ मनात धरायचे.

दुसऱ्या रेघेपुढं एक मडकं,
कुंभारवाड्यातलं, काठ उडालेलं, स्वस्त.
पहिल्या आठवड्यात मी तीन फोडली.
चौथं फुटलं नाही, कारण मी स्टिअरिंग फिरवलं,
आणि मास्तर तेव्हाच काय ते ओरडले:
"मडकं वाचीवलंस गं!
उलटलेल्या गाडीतनं तुला कोण काढणार?"

"दाब. लाथ घातल्यागत दाब.
पेडल थरथरंल, पायाला वर ढकलंल,
पोत्यात कोंबडी धडपडावी तसं.
पाय काडू नगंस. गाडी तिचं काम करतीया, तू तुझं कर.
आमच्या टायमाला चाकं जाम व्हायची,
सोड-दाब, सोड-दाब करावं लागायचं.
तुला सोडायची गरज न्हाई."
हे सांगताना त्यांचा हात
आपसूक उजव्या गुडघ्यावर जायचा.
खंबाटकीचं मी कधी विचारलं नाही.

माघातली रात्र. कारखाने जोरात.
मागच्या सीटवर रक्ताच्या पिशव्यांचा खोका,
पट्ट्यानं बांधलेला, शहाण्या पोरासारखा गप्प.
कराडात साडेअकराच्या आत हवा होता.
नागठाणं मागं पडलं. काटा अठ्ठ्याण्णववर.
आणि अंधाराचाच एक तुकडा
अंधारापेक्षा जरा जाड झाला.

उसाची ट्रॉली. तिच्यापुढं आणखी एक.
ना दिवा, ना लाल कागद,
नुसती पाचटाची झालर, रस्त्यावर लोळणारी.

चाळीस पावलं गेली.
त्यातलं एकही मी टाकलं नव्हतं.

मग पाय.
मग ती कोंबडी, पायाखाली, जीव खाऊन.
नजर उसाच्या बुडख्यांना चिकटलेली,
जिकडं बघशील तिकडं जाशील,
ओढून काढली, डाव्या पांढऱ्या पट्टीवर नेऊन ठेवली.
पट्ट्यानं छाती आवळली.
पाय नाही काढला.
पाय नाही काढला.
क्लच विसरले. इंजिन आचका देऊन गेलं.

बॉनेटवरून एक पाचट फिरलं, सावकाश,
म्हशीनं शेपूट टाकावी तसं,
आणि पुढं ओढलं गेलं.
ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता.
तो आपला उंब्रजकडं चालला होता.

मी हसणार होते बहुतेक. किंवा रडणार.
"थांबलीस म्हंजी संपलं न्हाई. मागं कोण हाय?"
आरशात दोन दिवे, मोठे होत होते.
बोट लाल त्रिकोणावर कधी गेलं, ठाऊक नाही.
दिवे वाकले. लांबलचक भोंगा. दुधाचा टँकर
इतक्या जवळून गेला
की गाडी पाळण्यासारखी हलली.

बाजूला घेतली. खोका उघडून पाहिला.
एकही पिशवी फुटली नव्हती.
मोजायला मात्र तीनदा लागलं, बोटं ऐकत नव्हती.

सकाळी मास्तरांच्या घरी.
लागलं का, असं विचारलं नाही त्यांनी.
"मधी पाय काडलास?"
"नाही."
"कितीवर हुतीस?"
सांगितलं.
बराच वेळ ते रस्त्याकडं बघत राहिले.
"मग ब्रेक बरुबर मारलास," म्हणाले,
"पण चुकलीस त्याच्या आधी, लई आधी.
उसाच्या दिवसांत, रातच्याला, साठ.
त्याच्यावरचं समदं उधारीचं."

चहा बशीत ओतला. फुंकर घातली.
टेबलाखाली त्यांची उजवी चप्पल
फरशीवर दाबलेली होती, घट्ट,
बशी रिकामी झाली तरी.